कार्ड आले, आता माणूस हवा

२९ ऑक्टोबर २०२४ला धनत्रयोदशी होती. धन्वंतरीच्या पूजेचा दिवस साधून केंद्र सरकारने ‘आयुष्मान वय वंदना’ कार्ड सुरू केले. सत्तरी गाठलेल्या माणसाला, त्याचे उत्पन्न कितीही असो, रुग्णालयातले उपचार मोफत; कुटुंबातल्या ज्येष्ठांना मिळून वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत. साडेचार कोटी कुटुंबांतल्या सहा कोटी ज्येष्ठांना याचा लाभ होईल, असा अंदाज सप्टेंबरात मंत्रिमंडळाने मंजुरी देताना मांडला होता. सप्टेंबर २०१८मध्ये रांचीत सुरू झालेली मूळ प्रधानमंत्री जन आरोग्य योजना गरीब कुटुंबांपुरती होती. उत्पन्नाची अट काढून केवळ वयावर हक्क देण्याची ही पहिलीच वेळ.

या निर्णयाचे मोल मोठे आहे. पेन्शन नसलेल्या घरात म्हातारपणी खुब्याचे हाड मोडले की काय होते, हे गावाकडे कुणाला सांगावे लागत नाही. आधी दागिने जातात, मग जनावर, मग जमिनीचा तुकडा. हाडाचे, हृदयाचे, मूत्रपिंडाचे मोठे बिल परस्पर भागत असेल तर ते घर वाचते. महाराष्ट्राने तर ही वाट देशाच्या आधी धरली. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ला आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढच्या वर्षी राज्यभर गेली. २०१७मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले, २०२०मध्ये ती केंद्राच्या योजनेशी जोडली गेली. जून २०२३मध्ये मंत्रिमंडळाने तिची दारे राज्यातल्या सगळ्याच कुटुंबांना उघडली. पांढऱ्या शिधापत्रिकेवाल्यांनाही आत घेतले, दीड लाखाची मर्यादा ५ लाखांवर नेली. सप्टेंबर २०२५मध्ये योजनेतल्या उपचारांची यादी २,३९९पर्यंत वाढवण्याचा निर्णय झाला. आधी ती १,३५६ होती.

आता हे कार्ड नेमके कधी चालते ते पाहू. माणूस रुग्णालयात दाखल झाला की. दाखल होण्याआधीचे तीन दिवस आणि सुटी मिळाल्यानंतरचे पंधरा दिवस त्यात धरतात. बाह्यरुग्ण विभागातला केसपेपर, रोजची रक्तदाबाची गोळी, दर तीन महिन्यांची साखरेची तपासणी, दम लागतो म्हणून लागणारा पंप, यांतले काहीही त्यात बसत नाही. आणि घराला हळूहळू पोखरणारा खर्च नेमका हाच असतो.

देशाच्या आरोग्य लेख्यांनुसार एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. सरकारचा खर्च त्याच काळात सकल देशांतर्गत उत्पादनाच्या १.१५ टक्क्यांवरून १.८४ टक्क्यांवर गेला. सुधारणा खरी आहे. पण २०१७च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने शब्द दिला होता तो २०२५पर्यंत अडीच टक्क्यांचा, आणि आरोग्यावरच्या खर्चातला दोन तृतीयांश किंवा त्याहून अधिक पैसा प्राथमिक सेवेवर घालण्याचा. ते वर्ष आता सरले आहे. प्राथमिक सेवा म्हणजे काय, हे मंत्रालयापेक्षा उपकेंद्रात जास्त चांगले कळते.

सह्याद्रीच्या पायथ्याला असलेल्या अशाच एका उपकेंद्राच्या ओसरीवर मी सकाळपासून बसलो होतो. बाहेरच्या भिंतीला पिवळा रंग, त्यावर ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ आणि ‘आरोग्यम् परमं धनम्’ ही अक्षरे. आत समुदाय आरोग्य अधिकारी मॅडम. आयुर्वेदाच्या पदवीधर, त्यावर सहा महिन्यांचा अभ्यासक्रम केलेल्या. टेबलावर रक्तदाबाचे यंत्र, साखर तपासायच्या पट्ट्या, टॅब आणि पाच-सहा रजिस्टरे. पंचाहत्तरीच्या पुढचे एक आजोबा टोपी सावरत खुर्चीत बसले.

“बाबा, गोळ्या संपल्या होत्या का?”

“संपून आठ दिवस झाले. मागल्या येळी पंधराच दिल्या तुम्ही.”

“स्टॉक तेवढाच आला होता. आज पूर्ण महिन्याच्या देते. आणि मीठ?”

“मीठ कमी केलंय. पन लोनचं सुटत नाही.”

यंत्रावर आकडा आला १७०च्या वर. मॅडमनी पुन्हा मोजला, पट्टा सोडला, तारखेची चिठ्ठी लिहून दिली. आजोबांच्या सदऱ्याच्या खिशात प्लास्टिकच्या पिशवीत आधार कार्ड होते, त्याला चिकटून वय वंदना कार्ड. पाच लाखांचा हक्क त्या खिशात होता आणि महिन्याला काही रुपयांना पडणारी अम्लोडिपिनची गोळी आठ दिवस घरात नव्हती. रक्तदाब असाच चढा राहिला आणि उद्या पक्षाघाताचा झटका आला, तर कार्ड लगेच उपयोगी पडेल. तो झटका टाळणारी गोळी मात्र या कार्डाच्या हिशेबात कुठेच येत नाही. आजच्या आरोग्यधोरणातली मूळ अडचण मला इथे दिसते: मोठ्या बिलाची सोय झपाट्याने होत आहे, आणि ते बिल येऊच नये म्हणून राबणारी माणसे, औषधे आणि पदे मागे राहिली आहेत.

हे प्राधान्य उलटे असायला हवे, असे सांगणारा माणूस आपल्याच मातीतला होता. सर जोसेफ भोर नाशिकचे, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेले सनदी अधिकारी. १९४३मध्ये त्यांच्या अध्यक्षतेखाली आरोग्य पाहणी समिती नेमली गेली आणि १९४६मध्ये तिचा अहवाल आला. पैसे नाहीत म्हणून कुणाचा उपचार अडू नये, आणि सेवा लोकांच्या घरापर्यंत जावी, ही त्याची दोन सूत्रे. प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना त्यातून आली. १९५२पासून सामुदायिक विकास कार्यक्रमात अशी केंद्रे उभी राहू लागली. आज सपाट भागात ३० हजार लोकसंख्येला एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ५ हजारांना एक उपकेंद्र, तर आदिवासी आणि डोंगरी भागात अनुक्रमे २० हजारांना आणि ३ हजारांना, असा निकष आहे.

निकष असला तरी गावापर्यंत पोचणारा माणूस कोण, हा प्रश्न उरलाच. त्याचे उत्तरही महाराष्ट्रानेच दिले, आणि दोनदा दिले. १९७०मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडला गेले. गावाने निवडलेल्या, बहुतेक निरक्षर, बायकांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केले. बाळंतपण, जुलाब, लसीकरण, कुपोषण हे सगळे या बायका गावातच हाताळू लागल्या. पुढे १९८६मध्ये डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत ‘सर्च’ सुरू केली. तिथल्या ३९ गावांत आरोग्यदूत बायका नवजात बाळाच्या घरी जाऊन त्याला तपासू लागल्या, ऊब देऊ लागल्या, जंतुसंसर्ग ओळखून औषध देऊ लागल्या. तिसऱ्या वर्षी त्या गावांतले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. १९९९मध्ये ‘लॅन्सेट’ने हे निष्कर्ष छापले, आणि २०११मध्ये हीच पद्धत देशाचा कार्यक्रम झाली.

१२ एप्रिल २००५ला राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले. त्यातून ‘आशा’ ही आरोग्य कार्यकर्ती उभी राहिली: हजार लोकसंख्येमागे एक, त्याच गावातली. २०१३मध्ये शहरेही जोडली गेली आणि ते राष्ट्रीय आरोग्य अभियान झाले. २००५-०६मध्ये देशातली १०० पैकी जेमतेम ३९ बाळंतपणे दवाखान्यात होत, २०१९-२१च्या पाहणीत ती ८९च्या घरात गेली. महाराष्ट्रात लाख जिवंत जन्मांमागे माता मृत्यू २००४-०६मध्ये १३० होते, २०१८-२०मध्ये ३३. याचे श्रेय एकट्या आशांचे नाही. रस्ते, रुग्णवाहिका, मुलींचे शिक्षण, लग्नाचे वाढलेले वय, सगळ्यांचा वाटा आहे. पण पोटुशीला तालुक्याला नेणारी, सासूची समजूत घालणारी, मध्यरात्री जीप शोधणारी बाई कोण होती, हे प्रत्येक वाडीला माहीत आहे.

त्या दिवशी दुपारी उपकेंद्रातल्या आशाताईंबरोबर मी एका घरी गेलो. बाळ चौदा दिवसांचे. ताईंच्या पिशवीत झोळीचा वजनकाटा, थर्मामीटर, घड्याळ आणि अर्जांची चळत. हात धुऊन, कोरडे करून त्यांनी बाळाला झोळीत ठेवले, काटा डोळ्यांसमोर धरला आणि वजन रजिस्टरात लिहिले. मग छातीच्या हालचाली मोजल्या, पूर्ण एक मिनिट, ओठ हलवत. नाळ पाहिली. बाळंतिणीला विचारले, “अंगावरून जास्त जातंय का? ताप? पाजताना दुखतं?” आजीने बाळाला काजळ घातले होते. त्यावर रागावल्या नाहीत. शेजारी बसून म्हणाल्या, “आजी, डोळ्यांत नको. तीट गालावर लावा, दिसायलाही छान दिसते.”

दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे अशा सहा भेटी द्यायच्या असतात: तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. सहाही भेटींचे मिळून २५० रुपये. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा तंबाखू-दारूपासून कमरेच्या घेरापर्यंतचा अर्ज भरायचा, त्याचे १० रुपये. क्षयरुग्णाला सहा महिने पूर्ण औषध दिले की १,००० रुपये. प्रत्येक कामाचा वेगळा दर, वेगळा फॉर्म, वेगळी सही. आता त्यात मोबाइलवरच्या नोंदी आल्या, चौदा अंकी आभा क्रमांक आले, आयुष्मान कार्डांसाठी घरोघरी जाऊन अंगठे आणि चेहरे जुळवणे आले. डोंगराला टेकलेल्या वाडीत रेंज मिळत नाही म्हणून आशाताई संध्याकाळी टेकडीवर चढून नोंदी चढवतात. ‘चूल पेटायची वेळ आणि रेंज यायची वेळ एकच,’ असे त्या म्हणाल्या.

राज्यात अशा सुमारे ७० हजार आशा आहेत. कायद्याच्या भाषेत त्या कर्मचारी नाहीत, स्वयंसेविका आहेत. त्यांना मिळतो तो पगार नसून मोबदला आहे. २०१८मध्ये केंद्राने ठराविक कामांसाठीचा मोबदला महिना हजारावरून दोन हजारांवर नेला. त्यानंतर करोना आला. ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’च्या काळात घराघराच्या दारात ऑक्सिजन मोजायला उभ्या राहिल्या त्या याच. मे २०२२मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा जागतिक सन्मान केला. आणि दोन वर्षांच्या आत, फेब्रुवारी २०२४मध्ये, महाराष्ट्रातल्या आशा मुंबईच्या आझाद मैदानात ठाण मांडून बसल्या होत्या, कारण आदल्या वर्षीच्या संपात मिळालेल्या आश्वासनाचा शासन निर्णय निघत नव्हता. मार्चमध्ये तो निघाला. राज्याच्या मोबदल्यात नोव्हेंबर २०२३पासून ५,००० रुपयांची वाढ झाली. २०२५मध्ये केंद्रानेही आपला हिस्सा ३,५०० रुपयांवर नेला आणि दहा वर्षे काम करून थांबणाऱ्या आशांना मिळणारी रक्कम २० हजारांवरून ५० हजार केली. हे बदल स्वागतार्ह आहेत. पण वीस वर्षे गावाचे आरोग्य सांभाळून हाती ५० हजार आणि पेन्शन शून्य, हा व्यवहार न्यायाचा नाही, असे मला स्पष्ट म्हणायचे आहे.

आशांच्या वरची फळीही याच अस्थिरतेत आहे. उपकेंद्रातल्या मॅडम कंत्राटी. त्यांच्या मानधनाचा काही भाग ठरलेला, काही भाग कामगिरीच्या निर्देशांकांवर. प्रयोगशाळा तंत्रज्ञ कंत्राटी, औषधनिर्माता कंत्राटी, अभियानाचे तालुक्यातले काम पाहणारेही कंत्राटी. दहा वर्षे सेवा झालेल्यांना रिक्त पदांवर सामावून घेण्याचा शासन निर्णय १४ मार्च २०२४ला निघाला. त्याची अंमलबजावणी व्हावी म्हणून राज्यभरातल्या अभियान कर्मचाऱ्यांना ऑगस्ट २०२५मध्ये बेमुदत संपावर जावे लागले. पावसाळ्यात, डेंग्यू-मलेरियाच्या ऐन हंगामात. संपामुळे लसीकरणाच्या आणि तपासणीच्या रांगा अडल्या हे खरे, आणि त्याची झळ गरिबांनाच बसली. तरीही निर्णय झाल्यावर दीड वर्ष कागद हलत नसेल तर नोकरी टिकेल की नाही या काळजीत जगणाऱ्या माणसाने दुसरे काय करावे, याचे उत्तर मला सापडत नाही.

याच वर्षांत राज्याने दुसरा एक मोठा निर्णय घेतला, आणि त्याची चर्चा व्हायला हवी तेवढी झाली नाही. १५ ऑगस्ट २०२३पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या २,४१८ संस्थांमध्ये, म्हणजे प्राथमिक केंद्रांपासून जिल्हा रुग्णालयांपर्यंत, केसपेपरचे शुल्क बंद झाले. तपासण्या, औषधे, दाखल होणे सगळे मोफत. वर्षाला अडीच कोटींहून अधिक लोक या संस्थांत येतात. शुल्कातून सरकारला मिळत होते ते फक्त ७१ कोटी. एवढ्याशा रकमेसाठी गरिबाला दारात थांबवणे बंद झाले. विम्याच्या कार्डापेक्षा हा निर्णय मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण तो बाह्यरुग्णाला, रोजच्या आजाराला, गोळीला लागू आहे. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये मात्र वैद्यकीय शिक्षण विभागाकडे असल्याने ती बाहेर राहिली.

मोफत म्हटल्यावर गर्दी वाढणार, आणि गर्दी वाढल्यावर माणसे आणि औषधे वाढली नाहीत तर काय होते, ते त्याच काळात समोर आले. ऑगस्टमध्ये ठाण्याच्या कळवा रुग्णालयात एका दिवसात १८ मृत्यू झाले होते. पाठोपाठ ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर २०२३च्या चोवीस तासांत नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ जण गेले, त्यांत १२ नवजात बाळे. यांतले एक रुग्णालय महापालिकेचे, दुसरे वैद्यकीय शिक्षण विभागाचे. मोफत सेवेचा निर्णय या दोघांना लागू नव्हता. पण पंचक्रोशीतले अत्यवस्थ रुग्ण खालून रेफर होत होत शेवटी अशाच ठिकाणी येतात, आणि खालच्या पायऱ्यांवरची उणीव तिथे मृत्यूच्या आकड्यात दिसते. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि रिक्त पदे व औषधखरेदीचा जाब विचारला. औषधखरेदी आधी हाफकिन महामंडळाकडे होती, २०२३च्या कायद्याने ती नव्या वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाकडे गेली. नवे प्राधिकरण पूर्ण बळाने उभे राहीपर्यंत मधल्या काळात रुग्णाच्या नातेवाइकाच्या हातात एकच कागद पडत होता: ‘बाहेरून आणा’.

जीएसटी परिषदेने ३ सप्टेंबर २०२५ला घेतलेल्या निर्णयांचा उल्लेख इथेच करतो. २२ सप्टेंबरपासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के कर शून्य झाला, बहुतेक औषधांवरचा १२ टक्क्यांवरून ५ टक्के. बाहेरून गोळी आणणाऱ्याला यातून थोडा दिलासा आहे. विम्यावरची सूट अर्थात विमा घेऊ शकणाऱ्यांना.

आता पुढचे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी स्थानिक संस्थांमार्फत आरोग्यावर खर्चायला ७०,०५१ कोटी रुपये दिले होते. उपकेंद्रांच्या इमारती, शहरी दवाखाने, तालुका पातळीवरच्या प्रयोगशाळा त्यातून व्हायच्या होत्या. ६४,१८० कोटींचे आयुष्मान भारत आरोग्य पायाभूत सुविधा अभियानही २०२५-२६पर्यंतचेच. दोन्हींची मुदत ३१ मार्च २०२६पर्यंत ठरलेली होती. १ एप्रिल २०२६पासून सोळाव्या वित्त आयोगाचा काळ. म्हणजे भिंती रंगवण्याचा, यंत्रे घेण्याचा हा एक टप्पा होता. त्यापुढच्या पाच वर्षांत पैसा पगाराला जाईल की पुन्हा बांधकामाला, हा खरा प्रश्न आहे. २०२५च्या अर्थसंकल्पात प्रत्येक जिल्हा रुग्णालयात तीन वर्षांत कर्करोगाची दिवसभराची उपचार केंद्रे उभारण्याची घोषणा आहे. टाटा रुग्णालयाच्या फुटपाथवर मुक्काम करणाऱ्या नातेवाइकांना पाहिलेल्या कुणालाही तिचे महत्त्व सांगायला नको. पण केमोची सलाईन लावायला प्रशिक्षित परिचारिका लागते. ती बाहेरून अकरा महिन्यांच्या करारावर आणली, तर अनुभव यायच्या आत ती दुसरीकडे जाते.

पैसा, औषधे आणि पदे गावापर्यंत खरोखर पोचतात का, यावर लक्ष ठेवायला आमच्याकडे एक जुना, चांगला उपाय आहे. २००७मध्ये महाराष्ट्रात लोकाधारित देखरेख सुरू झाली. पुणे, ठाणे, अमरावती, नंदुरबार आणि उस्मानाबाद या पाच जिल्ह्यांपासून. गावकरी स्वतः केंद्राचे गुणपत्रक भरत, हिरवा, पिवळा, लाल रंग देत. मग जनसुनवाईत तालुक्याचे अधिकारी, डॉक्टर आणि गाव समोरासमोर बसत. अनेक ठिकाणी बंद पडलेली उपकेंद्रे त्यामुळे उघडली, बेकायदा पैसे मागणे थांबले, आणि डॉक्टरांनाही आपल्या रिक्त पदांसाठी गावाचा आवाज मिळाला. सरकारी पैशातून चालूनही सरकारला जाब विचारणारे हे काम होते, आणि माझ्या मते गेल्या वीस वर्षांतल्या धोरणांत ते सर्वांत धाडसी होते.

त्याचे एक रूप आजही प्रत्येक आरोग्य मंदिरात कागदावर आहे: जन आरोग्य समिती. उपकेंद्राच्या समितीचे अध्यक्ष सरपंच, सचिव समुदाय आरोग्य अधिकारी. वर्षाला ५० हजारांचा अबंधित निधी तिच्या हाती. ज्या उपकेंद्रात मी बसलो होतो तिथल्या समितीची शेवटची सभा कधी झाली, असे विचारल्यावर मॅडमनी रजिस्टर काढले. सह्या होत्या, चर्चा लिहिलेली नव्हती. जिल्ह्याचे पुढच्या वर्षाचे आराखडे हिवाळ्यात तयार होतात आणि २६ जानेवारीला गावोगाव ग्रामसभा असते. तिथे उभे राहून विचारता येईल: रक्तदाबाची गोळी गेल्या वर्षात किती दिवस नव्हती, उपकेंद्राची किती पदे भरली आहेत, आशाताईंचा मोबदला कोणत्या महिन्यापर्यंत जमा झाला आहे, ५० हजार कशावर गेले. उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्यावीत आणि त्याची प्रत तालुका आरोग्य अधिकाऱ्याला मार्चच्या आत द्यावी.